दोन डोळे, दोन फोटो आणि अजिंठ्याचा मेजर गिल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोलताना तोंडात येणारे 'म्हणजे' आणि 'बघा' जमतील तेवढे काढलेत, उरलेले चालवून घ्या. ऑडिओ ऐकलेल्यांना मध्ये दोनदा हार्बर लोकलचा भोंगा ऐकू आला असेल. मानखुर्दला स्टेशनजवळ राहून रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की तेवढं चालायचंच.

आज थ्रीडी फोटोंबद्दल बोलायचंय. थ्रीडी म्हटलं की आपल्याला थिएटरातला काळा चष्मा आठवतो. थोडे मोठे असाल तर 'छोटा चेतन' आठवेल, आणखी मोठे असाल तर गोल चकती घालून खटका दाबायचा तो व्ह्यू-मास्टर. पण ही गंमत त्याच्याही खूप आधीची आहे. 1864 साली लंडनमध्ये पश्चिम भारतातल्या इमारतींच्या आणि प्राण्यांच्या थ्रीडी फोटोंचं एक अख्खं पुस्तक निघालं होतं. फोटो काढणारा माणूस आपल्या अजिंठ्यात राहणारा, नाव मेजर रॉबर्ट गिल. त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं पुढे जे झालं ते वाईट झालं. पण तिथे पोचण्याआधी थोडं डोळ्यांचं गणित करून घेऊ, कारण त्याशिवाय गिलच्या गोष्टीतली खरी बोच कळत नाही.

एक पेन घ्या. टोपण काढून एका हातात धरा, पेन दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात पूर्ण लांब करा. आता एक डोळा मिटा आणि बाजूने आडवं आणून टोपण पेनावर बसवून बघा. बहुतेकांचं टोपण पेनाच्या पुढून नाहीतर मागून निघून जातं. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलंत तर काही विचारही करावा लागत नाही.

आमच्या घरी हा प्रयोग पेनाशिवायच झाला होता. माझ्या आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्या मधल्या काळात तिला टीव्ही स्वच्छ दिसायचा, पेपरही वाचायची, पण चहा ओतायला गेली की धार कपाच्या अलीकडे पडायची. "कप दिसतोय रे मला, पण नक्की कुठेय तेच कळत नाही," असं म्हणायची. विषयाची याहून नेमकी व्याख्या मी इंजिनिअरिंगच्या पुस्तकातही वाचलेली नाही.

होतं काय, की आपल्या दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. म्हणून प्रत्येक डोळ्याला समोरचं थोडं वेगळं चित्र दिसतं. वस्तू जवळ असेल तर फरक जास्त, लांब असेल तर कमी. एक मीटरवरच्या कपाकडे बघताना दोन डोळ्यांच्या नजरेत जवळपास पावणेचार अंशांचा कोन असतो. दहा मीटरवर त्याचा दहावा हिस्सा उरतो, शंभर मीटरवर शंभरावा. मेंदू हा फरक मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. आम्ही दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून अंतर काढायचा कोड लिहितो तेव्हा सूत्र हेच असतं: कॅमेऱ्यांमधलं अंतर वाढवा, फरक वाढतो, वस्तू लांब न्या, फरक आटतो. कोडला त्यासाठी चांगला प्रोसेसर लागतो. आपला मेंदू तेच काम रस्ता ओलांडताना, शेंगदाणे खाता खाता करतो.

आता तुम्ही म्हणाल, एका डोळ्याने जग सपाट तर दिसत नाही. बरोबर. खोली ओळखायच्या एका डोळ्याच्याही युक्त्या आहेत. पुढची वस्तू मागचीला झाकते. लांबची लहान दिसते. रूळ दूर जाऊन एकत्र येतात. गोल वस्तूवर सावली हळूहळू गडद होत जाते. आणि सगळ्यात मजेशीर युक्ती हालचालीची. मानखुर्दहून वाशीकडे निघालात की रुळालगतचे खांब सर्रकन मागे जातात, खारफुटी जरा सावकाश, ट्रॉम्बेचा डोंगर जेमतेम हलतो. एका डोळ्यानेही ही उतरंड कळते. डोंगराच्या बाबतीत तर दोन डोळ्यांचा तसा काही उपयोगच नाही, तो इतका लांब आहे की दोघांना सारखाच दिसतो.

म्हणजे खोली दोन प्रकारची. एक सावली, झाकणं, लहान-मोठं यातून कळणारी; ती चित्रकार सपाट भिंतीवर उतरवू शकतो. दुसरी फक्त दोन डोळ्यांच्या फरकातून येणारी. ती कितीही मोठा चित्रकार एका चित्रात आणू शकत नाही. हे दोन प्रकार लक्षात ठेवा.

दुसऱ्या प्रकारची खोली कृत्रिमरीत्या करता येते, हे इंग्लंडमधल्या चार्ल्स व्हीटस्टोन या शास्त्रज्ञाने 1838 साली दाखवलं. त्याने एकाच वस्तूची दोन रेखाचित्रं काढली, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसं, एक उजव्या. दोन आरसे कोनात लावून प्रत्येक डोळ्याला त्याचं त्याचं चित्र दाखवलं, आणि कागदावरच्या रेघांमधून ठोकळा उभा राहिला. साल बघा, 1838. छायाचित्रणाची जाहीर घोषणा झाली 1839 मध्ये. म्हणजे थ्रीडी फोटोचं यंत्र फोटोच्या आधी जन्मलं! मला तर ही गोष्ट फार आवडते. शिवाय नुसत्या रेघा वापरल्यामुळे त्यात सावली नव्हती, छटा नव्हत्या. जी खोली दिसली ती फक्त दोन डोळ्यांच्या फरकाची, हे आपोआप सिद्ध झालं.

पुढे 1849 मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने आरशांऐवजी भिंगं वापरून हातात मावेल असा स्टिरिओस्कोप सुचवला. 1851 मध्ये लंडनच्या हाइड पार्कात क्रिस्टल पॅलेस नावाचा लोखंड आणि काचेचा प्रचंड महाल उभारून जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे हे यंत्र व्हिक्टोरिया राणीला आवडलं आणि मग काय, घरोघरी पोचलं. दिवाणखान्यात बसून लोक पिरॅमिड बघू लागले. 1861 मध्ये अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्सने आणखी हलकं आणि स्वस्त रूप तयार केलं, त्याचं पेटंटही घेतलं नाही. क्रिस्टल पॅलेसचं नाव मात्र विसरू नका, तो पुन्हा येणार आहे.

मुंबईही फार मागे नव्हती. 1854 साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातलं छायाचित्रणातलं मोठं नाव. त्यांच्यावर एक अख्खा भाग करायचा आहे, म्हणून इथे थांबतो.

आता गिल. मराठी माणसाला तो माहीत असतो तो पारोमुळे. ना. धों. महानोरांची 'अजिंठा' ही दीर्घकविता आणि 2012 साली आलेला नितीन चंद्रकांत देसाईंचा सिनेमा, यातून गिल आणि पारोची प्रेमकहाणी घरोघरी गेली. अजिंठा गावात पारोची कबर आहे आणि तिच्यावर मृत्यूची तारीख कोरलेली आहे, 23 मे 1856. प्रेमकहाणीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिच्या झगमगाटात गिल तिथे करत काय होता हे आपण विसरतो.

अजिंठ्याची लेणी 1819 मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. त्याने दहा नंबरच्या लेण्यात खांबावर आपलं नाव कोरूनही ठेवलंय. आपल्याकडे प्रेमवीर गडांवर नावं कोरतात त्यांना आपण शिव्या घालतो, हे साहेब मात्र इतिहासात गेले. असो. पुढे जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने ही चित्रं नष्ट होतायत, कुणीतरी नकला करून ठेवा, असा धोशा लावला. रॉयल एशियाटिक सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीला गळ घातली आणि 1844 साली मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलची नेमणूक झाली. काम एकच, भिंतींवरच्या चित्रांच्या रंगीत प्रतिकृती कॅनव्हासवर करायच्या. ते जवळपास वीस वर्षं चाललं.

इतकी वर्षं का लागली असतील याचा जरा विचार करा. लेणी डोंगर आत कोरून केलेली. प्रकाश फक्त दारातून, तोही दिवसातला थोडाच वेळ. पलीकडे वाघूर नदीचं खोरं आणि जंगल. आणि समोरची चित्रं म्हणजे काही साधं काम नाही. एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणि आठवा. गाल, खांदा, दंड, सगळं गोलाईने पुढे आल्यासारखं वाटतं, आणि भिंत सपाट आहे! विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात या छटांच्या कामाला 'वर्तना' म्हटलंय आणि तिचे तीन प्रकार सांगितलेत. कडेला गडद, मध्ये उजळ, नाकाच्या शेंड्यावर हलका उजेड. आपण मघाशी जी एका डोळ्याची खोली म्हटली ती हीच. पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी ती पूर्ण आत्मसात केली होती. एक डोळा मिटून पद्मपाणि बघा, तो तसूभरही कमी गोल दिसत नाही. उलट मला तर जास्तच गोल दिसला. कारण दोन्ही डोळे उघडे असले की मेंदूला भिंत सपाट असल्याचा पुरावा मिळत राहतो.

मग गिलने सरळ फोटो का नाही काढले? सुरुवातीला तंत्रच नव्हतं, आणि आलं तेव्हाही ते या कामाचं नव्हतं. त्या काळात काचेवर कोलोडियनचा थर देऊन फोटो काढत. ही काच निळ्या प्रकाशाला चटकन दाद देते, तांबड्याला जवळजवळ देतच नाही. अजिंठ्यात तर गेरू आणि पिवळ्या मातीचंच राज्य. तांबूस कातडी काळीठिक्कर यायची आणि निळं पांढरं पडायचं. अंधाराचा प्रश्न वेगळाच. म्हणजे रंगांसाठी ब्रशला पर्याय नव्हता.

पण दगडासाठी होता. दगड हलत नाही, त्यामुळे कितीही वेळ काच उघडी ठेवा. त्याला रंगाचं देणंघेणं नाही. आणि शिल्पाची खोली ही दुसऱ्या प्रकारची खोली, ती चित्रात उतरवली तर अर्धी हरवते. गिलने कॅमेरा हातात घेतला, आणि 1864 साली त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींचा मजकूर फर्ग्युसनचा. एक 'द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया', त्यात 74 फोटो, कोरलेल्या लेण्यांचे. दुसरं 'वन हंड्रेड स्टिरिओस्कोपिक इलस्ट्रेशन्स ऑफ आर्किटेक्चर अँड नॅचरल हिस्टरी इन वेस्टर्न इंडिया'. नावातच शंभर आणि नावातच स्टिरिओ. यात लोणारसारख्या ठिकाणची देवळं आहेत.

लोणारचं दैत्यसूदन मंदिर ज्यांनी पाहिलंय त्यांना पटेल की हे देऊळ स्टिरिओसाठीच बांधल्यासारखं आहे. तळ ताऱ्यासारखा, त्यामुळे भिंत सरळ अशी कुठेच नाही. सतत पुढे येते, आत जाते, पुन्हा पुढे येते. प्रत्येक कोनाड्यात मूर्ती. आपण मोबाइलवर काढलेल्या साध्या फोटोत या सगळ्याचा एक खरबरीत करडा गोळा होतो. कुठली कड पुढची आणि कुठली मागची, कळत नाही. दोन फोटो दोन डोळ्यांना दिले की प्रत्येक थर आपापल्या जागी जाऊन उभा राहतो. गिलचे मूळ फोटो रंगहीन आहेत, कडांना पिवळे पडलेत, पण अंतराची माहिती दोन चित्रांच्या फरकात जशीच्या तशी शाबूत आहे. ती पिवळी पडत नाही.

पुस्तकाच्या नावातलं 'नॅचरल हिस्टरी' मात्र थोडं खुपतं. म्हणजे देवळं आणि मारलेली जनावरं एकाच पुस्तकात. गिल पट्टीचा शिकारी होता. लंडनच्या दिवाणखान्यातल्या माणसासाठी हेमाडपंती देऊळ आणि वाघ हे दोन्ही 'तिकडचं काहीतरी' होतं, भिंगातून बघून बाजूला ठेवायचं. आपण हे फोटो इतिहासाचं साधन म्हणून वापरतो, वापरायलाच हवेत, पण ते कुणासाठी काढले होते हेही डोक्यात असावं.

आता आग. गिलचे कॅनव्हास लंडनला पाठवले जात होते. क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनानंतर हाइड पार्कातून उचलून सिडनहॅमला नव्याने उभारला होता, आणि गिलची चित्रं तिथेच मांडली होती. 30 डिसेंबर 1866 रोजी त्या महालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. अजिंठ्याच्या प्रतिकृती जवळजवळ सगळ्या जळाल्या. मोजक्या वाचल्या, त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. ज्या महालाने स्टिरिओस्कोप जगाला दाखवला त्याच महालात वीस वर्षांचे रंग गेले. पुस्तकांत छापून आलेल्या दगडांच्या फोटोंना काही झालं नाही, कारण त्यांच्या प्रती ठिकठिकाणी पसरल्या होत्या. सॉफ्टवेअरवाल्यांना हा बॅकअपचा धडा वाटेल, आणि आहेच. पण गिलच्या बाजूने बघितलं तर ज्या कामासाठी त्याला नेमलं होतं ते गेलं आणि पुस्तकाएवढं मावलं ते राहिलं. गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

जळालेल्या कॅनव्हासचं नुकसान नुसतं चित्रांचं नाही. गिलने 1844 नंतर भिंतीवर जे पाहिलं त्यातलं बरंच नंतर पडलं, खरवडलं गेलं, धुरकटलं. त्या भिंतींची तेव्हाची अवस्था आता कुठल्याच युक्तीने परत मोजता येणार नाही. शिल्पांच्या बाबतीत उलट आहे. आज तिथले अनेक खांब दुरुस्त केलेले आहेत. तुटलेले होते तेव्हा कसे दिसत, हे बघायला जुने फोटो आहेत.

तर आता स्वतः करून बघायचं. साधं आहे, फोन पुरे. समोरची वस्तू साधारण दोन मीटरवर असू द्या. शरीराचं वजन डाव्या पायावर टाकून एक फोटो, मग उजव्या पायावर टाकून दुसरा. फोन फिरवायचा नाही, फक्त सहा-सात सेंटिमीटर सरकवायचा. ढोबळ नियम असा की सगळ्यात जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग एवढं सरकायचं. दोन्ही फोटो एकमेकांशेजारी लावा, डावा डावीकडे. फोन उभा धरा म्हणजे प्रत्येक फोटो तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंद येईल. आता फोनकडे न बघता फोनच्या आरपार, पलीकडच्या भिंतीकडे बघत असल्यासारखी नजर सैल सोडा. दोनाची तीन चित्रं होतील, आणि मधलं खोल दिसेल. नाही जमलं तर नाकापासून फोनपर्यंत पुठ्ठ्याचा पडदा उभा धरा, म्हणजे प्रत्येक डोळ्याला त्याचंच चित्र दिसेल. डोकं दुखायला लागलं तर थांबा. लहानपणापासून तिरळेपणा असलेल्या किंवा एका डोळ्याने कमी दिसणाऱ्या काहींना हे अजिबात दिसत नाही, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

फोटोंची अदलाबदल झाली तर काय होतं तेही मुद्दाम बघा. फुगलेलं आत जातं आणि खोलगट बाहेर येतं, मूर्तीचा साचा झाल्यासारखा. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र मेंदू बऱ्याचदा हट्टाला पेटतो. चेहरा खोलगट असूच शकत नाही म्हणतो आणि डोळ्यांचा पुरावा फेटाळून लावतो.

आणि एक खास हार्बर लाइनवाल्यांसाठी. मघाशी म्हटलं की डोंगराच्या बाबतीत दोन डोळे निरुपयोगी. पण डोळ्यांमधलं अंतर वाढवलं तर? वाशीच्या खाडीपुलावरून लोकल जात असताना, ज्या बाजूला रस्त्याचे पूल नाहीत त्या खिडकीतून एका सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढा. फोन गजांच्या आतच ठेवा, कृपा करून. गाडी ताशी साठच्या वेगाने असेल तर एका सेकंदात ती साधारण सतरा मीटर पुढे जाते. म्हणजे तुमच्या दोन डोळ्यांमध्ये सतरा मीटर अंतर असल्यासारखं. तिसाव्या भागाच्या नियमाने पाचशे मीटरपलीकडचं सगळं उठावात यायला हवं, आणि येतं. खाडीपलीकडचे डोंगर टेबलावर ठेवलेल्या मॉडेलसारखे दिसतात, एकामागे एक सुटे. खिडकीतून बघताना गाडी तुमच्या उजव्या हाताला जात असेल तर पहिला फोटो डाव्या डोळ्याचा. डाव्या हाताला जात असेल तर उजव्या. पुलाचे खांब किंवा कठडा फ्रेममध्ये आला तर तो फोटो टाकून द्या.

अजिंठ्याला जाणार असाल तर हा प्रयोग एक नंबरच्या लेण्यातल्या बुद्धाच्या मूर्तीवर करा. फ्लॅशला तिथे परवानगी नाही, फोन स्थिर धरावा लागेल. गाइड तिथे बॅटरी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणि एकदा समोरून धरून चेहऱ्यावरचे तीन भाव दाखवतात. एका फोटोत त्यातला एकच भाव सापडतो, कारण उजेड हलला की सावली बदलते. जोडफोटोत भाव कुठलाही येवो, ओठांचा आणि पापण्यांचा खरा उठाव कळतो.

गिलची चित्रं जळाल्यावर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. सगळ्या प्रतिकृती पुन्हा पहिल्यापासून. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकी एक. तीही चित्रं लंडनला गेली, आणि 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममध्ये आग लागून त्यातलीही बरीच गेली. ग्रिफिथ्स आणि त्या मुलांची गोष्ट पुढच्या भागात सांगतो.